लाल खडूची तिसरी फ्रेम

कारखान्यात तिला सगळे टकटकबाई म्हणत. शर्यतीच्या महागड्या सायकलींच्या फ्रेमा तपासणं हे तिचं काम, आणि हातात कायम एक झिजून गुळगुळीत झालेलं नाणं. त्याआधी अकरा वर्षं तिने शिंप्याच्या दुकानात शर्ट शिवले. मुकादमाने मुलाखतीत विचारलं होतं, "सायकल चालवता येते?"

"नाही."

"मग फ्रेम कशी तपासणार?"

"मडकं कुठे घडवता येतं मला? पण घेताना वाजवून घेते."

ही फ्रेम लोखंडाची नसते. कार्बनच्या काळ्या कापडाचे थर डिंकासारख्या चिकट रसात भिजवून साच्यात दाबायचे आणि भट्टीत भाजायचे. म्हणजे शिवणकामच, नुसतं सुईवाचून. मागच्या चाकाच्या एका खाचेतून दोरा काढून, पुढच्या नळीला वळसा घालून ती तो दुसऱ्या खाचेत आणी; मग दोरा आणि मधली नळी यांतलं अंतर दोन्हीकडून मोजून फ्रेम तिरकी आहे का ते बघे. बेअरिंग बसते तिथे बोट फिरवून वाळलेला रस चाचपे. मग बोटाबोटाच्या अंतरावर नाणं वाजवत जाई. टक आलं तर उत्तम. टप आलं तर आत पोकळी, नाहीतर कापडाला चुणी. तशा फ्रेमवर लाल खडूची फुली.

तिचा नवरा त्याच कारखान्यात थर लावी. म्हणून मुकादम कारागिराच्या नंबरावर चिकटपट्टी लावूनच फ्रेम तिच्याकडे पाठवी. पट्टीचा उपयोग शून्य. नवरा डावखुरा, त्याच्या हातची कापडाची कड डावीकडून उजवीकडे येई. अंथरुणाची घडीसुद्धा तशीच.

तीन महिन्यांत तीन फ्रेमा नापास झाल्या की कारागिराने शर्यतीचं टेबल सोडून साध्या सायकलींचे नट आवळायला जायचं, असा नियम होता. नवऱ्याच्या दोन झाल्या होत्या. गुरुवारी तिच्यापुढे तिसरी आली. कड डावीकडून, आणि पायडलजवळच्या कोपऱ्यात टप.

तिने फुली मारली आणि जेवायला गेली. नवरा डबा उघडून बसला होता.

"माझी आलीय ना तुझ्याकडे?"

"जेवा आधी."

"म्हणजे गेली. केवढी आहे?"

"चुणी? नखाएवढी."

"नखाएवढी!"

"शर्टाची बाही असती तर इस्त्रीने घालवली असती."

"अगं, वरून रंग चढणार. कोणाला दिसणारे?"

"उतारावरून सुसाट येणाऱ्याला. एकदाच."

तो डब्यातच बघत म्हणाला, "दुसऱ्या कोणाची असती तर?"

"तर एकदा वाजवली असती. तुमची चौदा वेळा वाजवली."

जेवणानंतर मुकादम टेबलाशी घुटमळला. "बाई, दुपारच्या पाळीचा तपासनीस एकदा बघेल का हिला? त्याचा कान जरा... उदार आहे."

"बघू द्या की. फुली मी मारलीय, पुसायची त्याने. खाली सही पण त्याचीच."

मुकादमाने मान खाजवली आणि फ्रेम कापायला पाठवली. नापास फ्रेम चुकून बाजारात जाऊ नये म्हणून तिथेच कापत. करवत नवऱ्याने मागून घेतली. कोपरा कापून आत बोट घातलं, आणि मग बराच वेळ ते बाहेर काढलंच नाही. ती जवळ जाऊन उभी राहिली.

"आधीच्या दोन कुठे वाजल्या होत्या?" त्याने विचारलं.

"इथेच."

"या कोपऱ्यात दोन थर एकदम चढवतोय मी. महिना झाला."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. हात बसलाय, वेळ वाचतोय, असं वाटलं. वरचा थर बसताना खालचा सरकत असणार."

"या महिन्यात किती केल्यात अशा?"

"अकरा."

तीन वजा केल्या तर आठ. आठही रंगाच्या खोलीत टांगलेल्या, सोमवारी जायच्या होत्या. त्यातल्या तीन तिनेच पास केल्या होत्या.

"नोकरीवरच येईल," तो म्हणाला.

"येऊ दे. तुम्ही सांगता की मी सांगू?"

"तू कशाला? थर मी लावले."

"आणि सही मी केली. चला."

मुकादमाने दोघांचं ऐकून घेतलं. "नवरा-बायको मिळून कारखाना बुडवा," एवढंच बोलला आणि आठही फ्रेमा परत मागवल्या. नवऱ्याला नटांच्या टेबलावर बसवलं. तिला सांगितलं, पाळी संपायच्या आत आठही पुन्हा तपासून द्यायच्या.

रंगाखालून आवाज जाड येतो. म्हणून नट सोडून नवराच कोपऱ्यांवरचा रंग काचकागदाने घासून देऊ लागला. मुकादमाने बघितलं आणि तो पुढे निघून गेला. पहिल्या चार फ्रेमा टक बोलल्या. पाचवीला तिने नाणं एकदा टेकवलं, पुन्हा टेकवलं, मग कान खाली नेला.

नवऱ्याने खडू तिच्या हाताशी सरकवला आणि करवत आणायला गेला.