कवेलूवर चढलेली भाची

वरठीतलं आमचं भाड्याचं घर दोन खोल्यांचं, वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. नवरा स्टीलच्या कारखान्यात शिफ्टला जातो, मी घरी ब्लाउज शिवते. घर बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी विचारलं, "माय कुठली तुही?" मी म्हटलं, आसगावची. म्हातारबा ताडकन उठले. "आसगाव? माह्या गावची लेक! मंग तं मी तुहा मामा होतो!" आणि वाकून माझ्या पाया पडले.

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. भाची देवाच्या जागी. तिच्याकडून काम करून घेतलं तर मामाला पाप लागतं, असं लहानपणापासून ऐकत आलेय. पाया पडणारा घरमालक मिळाला म्हणून मी गल्लीभर मिरवले. अक्कल कमी, दुसरं काय!

कवेलूचं घर दर उन्हाळ्यात फेरावं लागतं. फुटकी काढायची, सरकलेली नीट बसवायची, नाही तर पावसाळ्यात घरात भांडी मांडत फिरा. त्यात माकडं. एक टोळी छपरावरून गेली की पन्नास कवेलू जागची हलतात. तीन उन्हाळे मी मामाजींकडे जात होते. गेले की ते पाया पडायचे, मामी चहा-चिवडा आणायच्या, आणि मामाजी म्हणायचे, "पाहू ना भाचीबाई, फेरून देऊ." पाया पडणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं? मी चिवडा खाऊन परत यायचे.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. पावसाळ्याच्या तोंडावर आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि नंतर ती महिनाभर माझ्याकडे राहणार होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, डोळ्यात पाण्याचा थेंबही जाता कामा नये. आणि माझ्या घरात खाट मावते ती एकाच जागी, नेमकी जिथे सगळ्यात जास्त गळतं तिथे. घर कोरडं झालं नाही तर आईला आणायचं कुठे, या विचाराने माझे दोन ब्लाउज उलटे शिवले गेले.

त्यातला एक होता भंडाऱ्याच्या कोर्टाबाहेर टायपिंग करणाऱ्या बाईंचा. त्या चिडल्या, मग कारण ऐकून जास्तच चिडल्या. "तुम्ही चहा कायले पिऊन राहिल्या? घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं कामच हाय. लेखी नोटीस द्या, पंधरा दिवस थांबा. नाही केलं तर स्वतः दुरुस्त करा आन् खर्च भाड्यातून कापा. वर्षाच्या भाड्याचा चौथा हिस्सा, त्याच्या वर नाही." करारात उलटं काही लिहिलंय का, तेही त्यांनी बघायला लावलं. आमचा करार एका पानाचा, दुरुस्तीचा त्यात शब्द नव्हता. बाईंनी नोटीस टाइप करून दिली. मी उलटा ब्लाउज सुलटा करून दिला.

नोटीस पोस्टाने गेली, पोच आली. मग पंधरा दिवस काही नाही. मामाजी रागावले असतील, या धास्तीने मी त्यांची गल्ली टाळून बाजाराला जात होते. सोळाव्या दिवशी कवेलू फेरणाऱ्याला बोलावलं. हंगामाचे दिवस, त्याचा जोडीदार दुसरीकडे अडकलेला. मी पदर खोचला आणि शिडी चढले.

दहा कवेलू झाली नसतील, शेजारणीने मामाजींना फोन लावला. मामाजी अनवाणी धावत आले. खाली उभे राहून हात जोडले. "उतर वो माय, उतर! मामाच्या घरावर भाची चढली! कोणते पाप फेडू मी आता?"

मी वरूनच ओरडले, "मामाजी, पंधरा दिवस वाट पाहिली! नोटीस देल्ली ना तुमाले!"

"कोणती नोटीस?" ते गोंधळले. मग डोक्यावर हात मारला. "तो लिफाफा? मले वाटलं, पत्रिका होय! भाचीच्या घरचं कार्य म्हणून देवाजवळ ठेवला. फोडलाच नाही!"

माझी नोटीस पंधरा दिवस कुंकू लावून घेत होती! मी आणि तो कवेलूवाला इतके हसलो की आणखी दोन कवेलू फुटली.

मला उतरवून मामाजी स्वतः चढले. म्हाताऱ्याचा हात असा सराईत की कारागीर बघत राहिला. मला एक कवेलूसुद्धा उचलून देऊ दिलं नाही. दोन दिवसांत छप्पर झालं, खर्च सगळा त्यांचा. उतरल्यावर म्हणाले, "कागद कायले धाडला वो? तोंडानं सांगतलं असतं तं?"

"तोंडानं तीन साल सांगतलं, मामाजी." मला वाईट वाटलं, पण मी माघार घेतली नाही. दर उन्हाळ्यात घर फेरून देईन, असं त्यांच्याकडून लिहून घेतलं आणि मगच चहा ठेवला.

आई आली. दुपारी धो धो पाऊस लागला की ती खाटेवर उताणी पडून पट्टीच्या डोळ्यावर तळहात आडवा धरायची. मी म्हणायचे, "आई, गळत नाही गं आता." ती म्हणायची, "माहीत हाय मले," आणि हात तसाच. जन्मभर गळक्या छपराखाली झोपलेलं ते अंग.

चौथ्या दिवशी बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. मशीनवरून मान वर करून पाहिलं, तर आई तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती आणि तिचा हात डोळ्यावरून सरकून खाटेखाली लोंबत होता. मी मशीन बंद केली, आवाजाने ती जागी होऊ नये म्हणून.