वहिनीच्या कोनाड्यातली सीतेची आसवं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायचं ठरवलं की मन दुसरंच काही मोजायला लागतं — उसाच्या पाळ्या, पोती, पोरांच्या इयत्ता. हिशेबात मी चोख, असं गावात म्हणतात. ही एक गोष्ट मात्र मी हिशेबाबाहेर ठेवली.

पाचगणीच्या पठाराखाली आमचं गाव. पावसाळा सरत आला की वर पाणथळीत जांभळी-निळी इवली फुलं उठतात. त्यांना आम्ही सीतेची आसवं म्हणतो — वनवासात सीतामाई तिथं रडली म्हणून. ती पाहायची, तोडायची नाहीत. घरात तर आणायचीच नाहीत. आणली की त्या घरच्या बाईला सीतेचा वनवास लागतो, असं मानतात.

लढाईची वर्षं होती. थोरला भाऊ पलटणीबरोबर समुद्रापार, मी हायस्कुलात. मास्तर म्हणाले होते, हे झाड मुळाशी बारीक पिशव्यांत किडे धरतं. मला ते बघायचं होतं. मुळासकट उपटून आणली आणि पाण्याच्या पेल्यात ठेवली. कुठे? — वहिनीच्या कोनाड्यात, कुंकवाच्या करंड्याशेजारी. तिथं उजेड चांगला यायचा. एवढंच.

दुसऱ्या दिवशी तार आली. भाऊ गेला होता.

त्या रडारडीत आईला पेला दिसला. "ही आसवं घरात आणलीस? कुंकवापाशी? गिळलास गं माझा ल्योक!"

वहिनी आटपाडीकडची. त्या कोरड्या मुलखात हे फूल होतच नाही. "आवं आत्याबाई, म्या न्हाई आणली. मला त्येचं नावबी ठावं न्हाई."

मी दारातच उभा होतो. एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? फुलानं माणूस मरत नाही, हे त्या घरात मलाच पक्कं ठाऊक होतं. तरी — आईनं ते बोट माझ्याकडे वळवलं तर? त्याला मी भ्यालो.

भावाचे दिवस झाल्यावर तिला कायमची माहेरी धाडायचं ठरलं. पोचवायला मीच. मोटारी बदलत दिवसभर ती माझ्या शेजारी बसून होती. तिथं आई नव्हती, भावकी नव्हती. मग तरी बोललो का? नाही. तिला कळलं होतं का? — ठाऊक नाही. ती पुन्हा आमच्या घरी आली नाही, आणि मी कधी तिकडं गेलो नाही.

तिच्या वडलांनी ओसरीवर विचारलं, "पावनं, काय चुकलं आमच्या पोरीचं?"

आतून वहिनीच म्हणाली, "आबा, भावजींना आदी जेवू द्या. लय लांबनं आल्यात."

मी जेवलो. भूक लागली होती. दुसरी भाकरीही मागून घेतली.