‘ठणाणा’चं कव्हर

“फाइल आहे आपल्याकडे.”

गिऱ्हाईक दारातून आत येऊन तोंड उघडतंय न उघडतंय, तोवर भाऊ खुर्ची अर्धी वळवून, माउसवरचा हात तसाच ठेवून हे वाक्य टाकायचे. वाढदिवस असो, दशक्रिया असो, रसवंतीचं उद्घाटन असो, नाहीतर कोणी कशाचा तरी तालुका उपाध्यक्ष झालेला असो, भाऊंकडे फाइल असायचीच. “चेहरा बदलायचा, नाव बदलायचं. बसा, चहा घ्या.” चहा संपायच्या आत काम तयार व्हायचं. माणसं खूश होऊन जायची, कारण त्यांच्या मागे सूर्य उगवलेला असायचा आणि अंगावर गुलाबाच्या पाकळ्या पडत असायच्या.

तुमच्याही गावात असं एक बॅनरचं दुकान असणारच. जळगावात आमच्या बोळाच्या तोंडाशी भाऊंचं होतं. त्यांना सगळे भाऊच म्हणत, मीही भाऊच म्हणायचे, आणि इथेही तेवढंच म्हणणार आहे. त्यांचं नाव घ्यावं इतका माझा राग अजून गेलेला नाही, आणि नाव घेऊन त्यांना बदनाम करू नये इतकं प्रेमही शिल्लक आहे.

मी तेव्हा एका दैनिकाची पुरवणी सोडून घरी बसले होते आणि डोक्यात एक खूळ घेतलं होतं. जळगाव-धुळ्याच्या कॉलेजातल्या पोरापोरींसाठी मराठीत रॉक संगीताचं मासिक काढायचं. नाव ठरलं ‘ठणाणा’. तुम्ही हसाल. माझी आईही हसली. पण इकडे किती पोरं गिटार बडवत बसलेली असतात हे तिला ठाऊक नव्हतं. धुळ्याचा एक बँड एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये वाजवायचा. गाणी अहिराणीत, आवाज असा की वरचे पत्रे थरथरायचे. गाणारा सौरभ आणि ड्रम वाजवणारी नरडाण्याची प्रणाली, ही दोघं त्या बँडचा जीव. मुंबई-पुण्याला त्यांची खबर नव्हती आणि घरच्यांना त्यांची लाज वाटायची. या पोरांना कोणीतरी ओळखावं, चारचौघांत त्यांचा चेहरा दिसावा, एवढ्यासाठीच मला ते मासिक हवं होतं.

डिझाइन भाऊंकडे द्यायचं ठरवलं, कारण ते हाकेच्या अंतरावर होते आणि माझ्याशी गोड बोलायचे. यापेक्षा मोठं कारण सांगता आलं असतं तर सांगितलं असतं.

पहिल्या कव्हरवर प्रणालीच्या मागे सूर्य होता. पाकळ्या होत्या. सौरभच्या भोवती पांढरी जाड बॉर्डर होती, आणि खाली एका ओळीत गोल गोल चौकटी.

“भाऊ, हे गोल कशाला?”

“शुभेच्छुक.”

“मासिकाला शुभेच्छुक नसतात.”

“मग खाली मोकळं नाही दिसणार? आणि पोरीचा हात जोडलेला फोटो नाही का एखादा?”

मी कपाळाला हात लावला. मग बँडचं एक गाणं त्यांच्या कॉम्प्युटरवर लावलं आणि पुरतं ऐकायला लावलं. भाऊ डोळे मिटून, हनुवटी छातीला टेकवून ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, “हा पोरगा भांडतोय कोणाशी?”

“सगळ्यांशी.”

“मग सूर्य नको,” असं म्हणून त्यांनी सूर्य पुसला. पाकळ्याही गेल्या. गोल मात्र दोन दिवस राहिले.

तिथून पुढचे महिने फार आनंदात गेले, हे कबूल केलंच पाहिजे. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही पानं लावत बसायचो. वहिनी डब्यात कळण्याची भाकरी आणि भरीत पाठवायच्या, आणि डब्याला हात लावण्याआधी भाऊ हात पुसून एक पान मला दाखवायचे. मी नाक मुरडलं की म्हणायचे, “जेवा आधी. उपाशी माणसाला काहीच आवडत नाही.” काही चुकलं, काही अडलं, की एकच आश्वासन ठरलेलं, “बठ्ठं व्हई जाई, ताई.” आणि सगळं व्हायचंही.

एक दिवस गेले तर त्यांनी ‘ठणाणा’ची अक्षरं करून ठेवली होती. ठ च्या गोलाचा स्पीकर झाला होता. अक्षरांवरची रेघ पुढे जाऊन वायर होत होती, सबंध पानावरून फिरून खालच्या कोपऱ्यात तिची पिन सुटलेली होती, जणू वाचणाऱ्याने ती लावायची आहे. मी यातलं काहीही सुचवलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला आणि मी तसं त्यांना सांगितलं. भाऊ लाजले. पन्नाशीचा माणूस लाजला की फार गोड दिसतो.

पहिल्या पानावर मला एक वाक्य हवं होतं : ‘या मासिकात कोणत्याही पुढाऱ्याचा फोटो कधीही छापला जाणार नाही.’ पोरांनी आपले फोटो दिले ते या अटीवर. भाऊ ते वाक्य टाइप करताना पोट धरून हसले. “ताई, या दुकानात असं पहिल्यांदाच लिहिलं जातंय,” म्हणाले, आणि मी सांगितलं त्याच्या दुप्पट मोठं केलं.

धुळ्यात एका मंगल कार्यालयात बँडचा कार्यक्रम झाला त्याला भाऊ माझ्याबरोबर एसटीने आले. कॅमेरा त्यांचा. शेवटच्या गाण्याला बँडची पोरं स्टेजवरून खाली गर्दीत उतरली, मीही त्यांच्यात घुसले, सगळ्यांनी हात वर केले, दोन दोन बोटं ताठ. भाऊ खुर्चीवर चढून फोटो काढत होते आणि स्वतःच ओरडत होते. परतीच्या गाडीत त्यांनी विचारलं, “त्या दोन बोटांचा अर्थ काय?” मी म्हटलं, “अर्थ काही नाही. मजा आली, एवढाच.” तर ते पारोळ्यापर्यंत खिडकीबाहेर दोन बोटं काढून सराव करत होते. तो फोटो कव्हरवर घ्यायचा ठरला.

अंक तयार झाला. दिवाळीनंतर छापायचा होता. भाऊ गावाला गेले होते, म्हणून मी एकटीच एका सकाळी बँडला भेटायला धुळ्याला गेले.

स्टँडबाहेरच्या चौकात एक फ्लेक्स लागला होता. एका पुढाऱ्याचा वाढदिवस. पुढाऱ्याचं तोंड भाषणासाठी उघडलेलं, आणि त्याच्या नावावरच्या रेघेतून एक वायर निघून सबंध बॅनरभर फिरून खाली माइकला लागलेली. माझी पिन. आमची पिन. मागे आमच्या कव्हरवरची गर्दी, हात वर केलेली. त्या गर्दीत पुढेच सौरभ होता. त्याच्या शेजारी प्रणाली. आणि दोन बोटं वर केलेल्या प्रत्येक मुठीत एक एक झेंडा खोचलेला.

रिक्षावाले हॉर्न वाजवत होते आणि मी रस्त्यात उभी राहून स्वतःला शोधत होते. माझी निळी ओढणी सापडली. माझा हात सापडला, त्यात झेंडा होता. चेहरा सापडला नाही. झेंडा बरोबर चेहऱ्यावर आला होता. आधी वाटलं, योगायोग. मग दिसलं की बाकी सगळे झेंडे उजवीकडे फडकत होते. माझा एकटीचा डावीकडे. एकाच हॉलमध्ये माझ्यापुरता वारा उलटा वाहत होता.

जिनिंगच्या शेडमध्ये पोचले तर कोणी वाजवत नव्हतं. असे फ्लेक्स नरडाण्यापर्यंत लागले होते. प्रणालीचे वडील तिथल्या एमआयडीसीत कामाला होते, आणि युनियनच्या भांडणात याच पुढाऱ्याच्या माणसांनी त्यांना कामावरून काढायला लावलं होतं. ते जयंतीच्या कार्यक्रमात ढोलकी वाजवणारे. पोरीला ताल त्यांच्याकडूनच आलेला. पण पोरगी बँडमध्ये आहे हे त्यांना माहीत नव्हतं. घरी कॉम्प्युटर क्लास सांगितला होता. नाक्यावर फ्लेक्स पाहून ते घरी आले आणि त्यांनी एवढंच विचारलं, “तुन्हा हातमा हाऊ झेंडा कसा काय उना?” झेंडा खोटा आहे हे सांगायला तिला ड्रमचं खरं सांगावं लागलं. त्यांचा दोन्हींवर विश्वास बसला नाही. बापलेकीचं बोलणं बंद झालं.

हे सगळं तिने मान खाली घालून सांगितलं. मग वर बघून म्हणाली, “ताई, सगळ्यांचे चेहरे दिसतायत. तुमचाच कसा नाही दिसत?”

मला माहीत नव्हतं, असं म्हणाले. मलासुद्धा ते खोटं वाटलं. सौरभने मासिकासाठी फोनवरून पाठवलेले सगळे फोटो परत मागितले, म्हणजे छापू नका म्हणून सांगितलं, फार सभ्यपणे, ‘प्लीज’ म्हणून. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

भाऊ परत आले त्या दिवशी मी दुकानात गेले. त्यांनी मला पाहून चहा सांगितला.

“तो फ्लेक्स तुम्ही केला?”

“हो ना. गावाला निघायच्या आदल्या दिवशी सकाळी माणूस आला, संध्याकाळी लावायचा म्हणे. काय करू ताई? फाइल समोरच होती.”

“आणि माझ्या तोंडावरचा झेंडा?”

इथे माझी अपेक्षा होती की हा माणूस आता खाली बघेल. भाऊंचा चेहरा उजळला. “दिसलं ना तुम्हाला? त्या एका झेंड्याला सगळ्यात जास्त वेळ लागला बघा. तुम्ही लिहिणाऱ्या बाई. तुमचं नाव खराब व्हायला नको. तेवढं भान ठेवलं मी.”

“आणि पोरांचं नाव?”

“पोरे शेतस ती, ताई. त्यास्ले कोण वळखस?”

पोरांना कोण ओळखतं, म्हणे! मी चहा न घेता उठले. माझ्यासमोर बसून ज्यांनी या पोरांची पानं लावली, त्यांचं गाणं डोळे मिटून ऐकलं, त्यांना हे इतकं सहज बोलता आलं. म्हणजे त्यांना कळत होतं. काय चुकतंय हे नीट कळत होतं म्हणूनच मला झाकलं होतं. न कळून केलेलं मी कधीतरी विसरले असते. त्यांनी निवड केली होती. कोणाला वाचवायचं आणि कोणाला नाही, हे ठरवलं होतं. आणि वाचवून त्यांनी माझं जे केलं ते बुडवण्यापेक्षा वाईट होतं. माझा चेहरा त्या गर्दीत असता तर मीही पोरांबरोबर फसले असते, त्यांच्याबरोबर चौकात उभी राहून बोंबलले असते. दगा भाऊंनी दिला आणि दगाबाज मी ठरले.

‘ठणाणा’ निघाला नाही. त्या कव्हरशिवाय तो निघणार नव्हता आणि ते कव्हर आता तिन्ही त्रिकाळ चौकात लटकत होतं. दुकानावरून जाताना मी समोर बघून चालायचे. भाऊ आतून “ताई” म्हणून हाक मारायचे. पुढे हाक थांबली. त्यांना मुलाने सुरतेला बोलावून घेतलं, साड्यांच्या खोक्यांची डिझाइनं करायला, असं कळलं. दुकानात मोबाइल रिपेअरिंगवाला आला.

मध्ये बरेच दिवस गेले. एकदा फोनवर त्या बँडच्या नव्या कार्यक्रमाचा व्हिडिओ दिसला. प्रणाली ड्रमवर होती आणि पहिल्या रांगेत एक माणूस मांडीवर ताल धरून बसला होता. तिचे वडील. मला इतका आनंद झाला की मी आईला हाक मारून दाखवलं. मग लक्षात आलं की मला कोणी बोलावलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात सुरतेहून फोन आला. आवाज थकलेला होता.

“ताई, प्रणालीचा कार्यक्रम झाला. तुम्ही दिसल्या नाहीत.”

“तुम्ही होतात?”

“हो. पोस्टर मीच केलं. सुरतेला निघण्याआधी नरडाण्याला जाऊन आलो होतो तिच्या वडिलांकडे. पाय धरले. म्हटलं, झेंडा मी चिकटवला, पोरगी खरं बोलतेय. ते फार बोलले मला. मग जेवायला वाढलं.”

म्हणजे भाऊंना माफी मिळाली होती. पाय धरून, जेवून, पोस्टर करून ते पुन्हा त्या पोरांचे भाऊ झाले होते.

“माझ्याबद्दल सांगितलंत त्यांना?” मी विचारलं.

“सांगितलं ना. ताईंना काही माहीत नव्हतं, ताईंचं नाव जाऊ नये म्हणून मीच त्यांना झाकलं, असं सांगितलं.”

“मग काय म्हणाली प्रणाली?”

“म्हणाली, म्हणजे आमचं गेलं तर चाललं.” मग भाऊच म्हणाले, “अजून एकदा समजावू का तिला?”

“काय समजावणार?”

यावर त्यांनी “ठेवतो” म्हटलं. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही, आणि मीही केला नाही.

फोन ठेवल्यावर थोड्या वेळाने त्यांनी एक फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं. मंगल कार्यालयातला तोच फोटो, मुळातला, एकही झेंडा नसलेला. तो मी असा पहिल्यांदाच मोठा करून पाहिला. माझे डोळे मिटलेले आहेत, तोंड उघडं आहे, केस विस्कटलेत, आणि मी जन्मात कधी इतकी खूश दिसलेली नाही. प्रणालीने एक हात वर केलाय. दुसरा तिने माझ्या गळ्यात टाकलाय, गाल माझ्या गालाला घट्ट लावून. त्या झेंड्याने माझ्या चेहऱ्याबरोबर तो हातही झाकला होता.