कोऱ्या कपड्यांना लागलेली कात्री

जपूनबाईंचं खरं नाव इमारतीत कुणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं. नळ थेंबभर गळू द्यायच्या नाहीत, पार्सलचा दोरा कापायच्या नाहीत, गाठ सोडवून गुंडाळून ठेवायच्या. म्हणून लहानथोर सगळे त्यांना जपूनबाईच म्हणत. चेष्टेने म्हणत, पण चेन बिघडली, काज उसवलं की मुकाट्याने त्यांच्याच दारात येत. आयुष्यभर त्यांनी शिवणयंत्रावर कपडे घट्ट करायचं, सैल करायचं, रफू करायचं काम केलं होतं. "नवा कपडा कुणीही शिवेल," त्या म्हणायच्या, "फाटलेला परत अंगावर चढवायला अक्कल लागते."

नवरा गेला तेव्हा त्याचे कोट आणि शर्ट मागे राहिले. मुलगा मालट्रक घेऊन महिनोन्‌महिने बाहेर, आणि अंगाने बापाच्या दुप्पट. त्याला त्यातलं काही बसेना. अशात बाजारातल्या मोठ्या कपड्यांच्या दुकानात जपूनबाईंना एक हिरवी पेटी दिसली. वर पानाचं चित्र आणि खाली अक्षरं: तुमचा जुना कपडा, त्याचा नवा जन्म.

त्यांना भरून आलं. कपडे धुतले, बटणं लावली, इस्त्री केली आणि एकेक करून त्या पेटीच्या तोंडात सोडले. कपडा आत जाई, झडप मिटे, पण खाली पडल्याचा आवाज काही येत नसे. जपूनबाईंनी क्षणभर कान दिला. मग स्वतःलाच हसल्या. बदल्यात मिळालेल्या सवलतीत त्यांनी स्वतःसाठी स्वेटर घेतला. किती वर्षांनी नवं काही घेतलं, आणि उधळपट्टी केल्यासारखं वाटलं नाही.

पुढे सुनेला त्याच कंपनीच्या गोदामात नोकरी लागली, तेव्हा तर जपूनबाईंनी इमारतभर सांगितलं, "आमची सूनबाई भल्या कामाला लागलीय हो!"

सून मात्र कामाबद्दल तोंडातून अवाक्षर काढेना. "परत आलेला माल बघते," एवढंच. सकाळची पाळी करून यायची, जेवायची आणि आडवी व्हायची. एकदा दुपारी जपूनबाई तिच्या अंगावर पांघरूण घालायला गेल्या आणि थबकल्या. सून गाढ झोपली होती, पण तिच्या उजव्या हाताची बोटं हलत होती. उघडत होती, मिटत होती. उघडत, मिटत. जपूनबाईंनी हात हलकेच धरला, तर बोटं त्यांच्या तळव्यात हलत राहिली.

मग त्यांच्या नजरेस आणखीही काही पडायला लागलं. वाळलेले कपडे काढताना सून प्रत्येकाच्या गळ्यावर अंगठा ठेवायची आणि सरळ खालच्या काठापर्यंत ओढत न्यायची. सुरुवात कुठून करायची ते शोधत असल्यासारखी. जपूनबाईंचा नवा स्वेटर दोरीवर असला, की तिचा अंगठा त्यावर जरा जास्तच रेंगाळायचा.

"काय गं बघतेस?"

"काही नाही आई. सवय."

एके दिवशी सून चष्मा घरीच विसरून गेली. जपूनबाई बस पकडून गोदामावर पोचल्या. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "मागच्या दाराने द्या, मावशी. पुढून सोडत नाहीत."

मागे भिंतीला लागून गठ्ठे रचले होते, माणसाच्या दुप्पट उंच. प्लास्टिकमध्ये आवळलेले, आणि प्रत्येकावर ते पानाचं चित्र. ऊन खाऊन प्लास्टिक तडकलं होतं. फटींतून बाह्या, कॉलर, खिसे बाहेर आले होते आणि त्यांच्यातून गवत उगवलं होतं. नवऱ्याचा कोट यात असेल का? असला तर कुठल्या थरात? जपूनबाईंनी नजर फिरवली आणि दार ढकललं.

आत पांढरा लख्ख उजेड. लांबच लांब टेबलं, आणि दोन्ही बाजूंना तोंडावर फडकी बांधलेल्या बायका. एवढ्या बायका एका छताखाली, आणि कुणी चकार शब्द बोलत नव्हतं. ऐकू येत होत्या त्या फक्त कात्र्या. समोर ढीग होते कोऱ्या कपड्यांचे. किमतीच्या चिठ्ठ्या लटकत होत्या, काहींवर पातळ कागदसुद्धा तसाच होता.

सुनेला त्यांनी हातांवरून ओळखलं. तिने एक लहान मुलाचा कोट उचलला. एकेक बटण सावकाश काढलं, जसं झोपलेल्या मुलाचं काढतात. कोट टेबलावर पालथा घातला, पाठीवरून हात फिरवून सुरकुती मोडली, आणि गळ्यापासून खालपर्यंत सरळ कापला. दोन्ही अर्धी टेबलालगतच्या सरकत्या पट्ट्यावर गेली. पट्टा ते घेऊन भिंतीतल्या काळ्या चौकोनाकडे निघाला. तोवर पुढचा कोट तिच्या हातात होता.

जपूनबाईंनी चष्मा टेबलाच्या कडेला ठेवला आणि त्या तशाच माघारी फिरल्या. सुनेने वर पाहिलंच नाही.

घरी आल्यावर सूनच आधी बोलली. "आलात ना तुम्ही? चष्मा बघून कळलं."

"नवेकोरे कपडे गं! का?"

"कुणाला रंग आवडला नाही, कुणाला माप झालं नाही, म्हणून परत येतात. घडी घालून पुन्हा विकण्यापेक्षा जाळणं स्वस्त पडतं. आणि फुकट वाटले तर विकत कोण घेणार? म्हणून आधी कापायचे, वाटेत कुणी उचलून वापरू नये. सुपरवायझर म्हणतात तसं."

"आणि पेटीतले?"

"ते गठ्ठे मी लागल्यापासून कुणी उघडलेले पाहिले नाहीत."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"बाबांच्या शर्टांना तुम्ही इस्त्री करून दिली होती, आई. कुठल्या तोंडाने सांगणार?"

जपूनबाई दुकानाच्या मॅनेजरला भेटल्या. त्याने अगदी अदबीने ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि निघताना पान छापलेली एक कापडी पिशवी त्यांच्या हातात ठेवली. "आमच्याकडून भेट." जखम मांडीला आणि मलम शेंडीला! जपूनबाईंनी पिशवी त्याच्याच टेबलावर ठेवली.

सुनेच्या नोकरीचा निकाल तिच्या हातानेच लावला. दुसऱ्या दिवशी तिने कात्री उचलली, पण बोटं मिटेचनात. सुपरवायझरने हाक मारली, पुन्हा मारली. ती उठली, फडकं सोडलं आणि चालत घरी आली. थोड्याच दिवसांत तिला एका बेकरीत काम मिळालं.

जपूनबाई मात्र दर शनिवारी त्या पेटीपाशी उभ्या राहायला लागल्या. आरडाओरडा नाही, काही नाही. कुणी पिशवी घेऊन आलं, की हळूच सांगायच्या, "बाई, यातून पुढे काही होत नाही. मी डोळ्यांनी पाहून आलेय." कुणी ऐकलं, कुणी वेड्यात काढलं. दुकानाच्या रखवालदाराने त्यांना हाताला धरून बाहेर काढलं, तरी पुढच्या शनिवारी त्या हजर. शेवटी एका सकाळी पेटीच नाहीशी झाली. जमिनीवर तेवढा फिकट चौकोन उरला.

जपूनबाईंना वाटलं, आपण जिंकलो.

त्या आठवड्यात दाराबाहेर एक गाठोडं मिळालं. कुणी ठेवलं ते कळलं नाही. आत चांगले, जेमतेम वापरलेले कपडे होते. जपूनबाईंनी ते धुतले, नीट केले आणि गरजूंना दिले. दुसऱ्या दिवशी दोन गाठोडी, मग पाच. जिन्यात कधी पाऊल वाजलं नाही, कधी घंटी वाजली नाही. दार उघडावं तर बाह्या, पायमोजे, कॉलरी उंबऱ्यावर येऊन पडलेल्या. सून पहाटे कामाला निघताना कपडे बाजूला सारून वाट काढायची. घरात पलंगाखाली, कपाटावर, शिवणयंत्राभोवती कपडेच कपडे. जपूनबाई रात्रंदिवस टाके घालत होत्या, तरी ढीग तसूभर उतरत नव्हता. कितीतरी कपड्यांवर किमतीची चिठ्ठी तशीच होती.

मग एकदा भर दुपारी त्यांनी अवचित दार उघडलं. वरच्या मजल्यावरची काकू गाठोडं टेकवत होती. काकू दचकली, ओशाळली.

"तुम्हीसुद्धा?" जपूनबाई म्हणाल्या.

"तसं नाही हो. पेटी गेली ना आता. आणि कचऱ्यात टाकायला मन होत नाही."

"मग घेता कशाला एवढं?"

काकूने थोडा विचार केला. चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता.

"तुम्ही आहात ना," ती म्हणाली. "तुम्ही काही फेकत नाही. म्हणून घेताना काही वाटत नाही."

आणि गाठोडं तिथेच ठेवून ती जिना चढून गेली. जपूनबाई दारात उभ्या राहिल्या. वरून दार लागल्याचा आवाज आला, मग खालच्या जिन्यात कुणाचीतरी ओझं घेऊन चढणारी सावकाश पावलं वाजू लागली.