काज-बटणांच्या खोलीतला पेपर

तिची काजं वाकडी यायची. शर्टाच्या कारखान्यात काज-बटण करायला लागलेली मुलगी, आणि नेमकं तेच जमेना. मुकादमीणबाई, ज्यांना सगळ्या मोठ्या बाई म्हणत, मुलीने केलेला एक शर्ट खिडकीच्या उजेडात धरून म्हणाल्या होत्या, "अगं, हा शर्ट घालणाऱ्याची मान कायमची तिरकी होईल." खोलीभर हसू पसरलं. मुलीला मात्र रडू फुटायचं बाकी होतं. नोकरी गेली तर घरी काय सांगायचं?

पण मोठ्या बाईंनी तिला काढलं नाही. त्यांच्या डोक्यात दुसरंच काही शिजत होतं. वर मालकांच्या खोलीत रोज पेपर यायचा, आणि त्यांचा वाचून झाला की तो शिलाईची मशीनं पुसायला खाली येई. "तू किती शिकलीस?" त्यांनी विचारलं. मुलगी म्हणाली, सातवी. "मग चढ त्या स्टुलावर. मशीन उद्या पुसू. आधी आम्हाला वाचून दाखव. बटणं लावायला कान कुठे लागतात?"

अशी ती पेपरताई झाली. तिच्या वाट्याची बटणं बाकीच्या जणी आपापसांत वाटून घेत, आणि त्याबद्दल कुणी कधी कुरकुर केली नाही. मालकांना हे ठाऊक होतं की नव्हतं, कोण जाणे. शर्ट वेळेवर वर जात होते, तोवर ते खाली डोकावत नसत.

खोली लांबट होती. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे जमिनीतून सतत हातोडीचा ठकठकाट आणि रबर जळल्याचा वास वर येई. एका बाजूला खिडक्या, खिडक्यांखाली बाकं, आणि बाकांवर पाठीला पाठ लावून बसलेल्या बायका. तोंडात दोरा, मांडीवर शर्ट. पेपरताई सुरुवातीला शाळेतल्यासारखी एका सुरात वाचायची. मोठ्या बाई टोकायच्या, "धडा नको वाचूस. सांग. कुणीतरी धावत येऊन सांगतं ना, तसं सांग." हळूहळू तिला गळा सापडला. मंत्र्यांची भाषणं ती नाकातून वाची. कोर्टातले खटले वाचताना आवाज खाली आणी, तेव्हा सुया थांबत आणि मोठ्या बाई 'हात चालवा' अशा अर्थाने खाकरत. बाजारभाव वाचायला घेतले की बायका पेपरवाल्यांचा उद्धार करत. "या भावाने कुठे मिळतं गं? दुकान दाखव म्हणावं, आत्ता पिशवी घेऊन निघते!"

सगळ्यात मोठ्याने हसणारी होती खुदुक. तिला दुसरं नावच उरलं नव्हतं. हसण्याच्या आधी हिच्या घशात खुदुक असा आवाज व्हायचा आणि मग हसू सुटायचं. तिचा नवरा नदीवर लाँच चालवायचा, या काठावरून त्या काठावर. वादळवारं असलं की तो पलीकडेच मुक्काम करायचा. खुदुक म्हणायची, "नवरा असावा तर असा. अधूनमधून नदीच्या पलीकडे."

अशाच एका वादळाच्या रात्री नवरा घरी आला नाही, तो पलीकडेच असणार असं धरून खुदुक दुसऱ्या दिवशी कामावर आली, आणि पेपर खाली आला. पेपरताईने घडी उघडली, पहिल्या पानावरची मोठी अक्षरं वाचायला सुरुवात केली आणि चौथ्या शब्दाला ती थांबली. लाँच उलटली होती. तिने मान वर केली, तर सगळ्या तिच्याकडे बघत होत्या आणि ती खुदुककडे बघत होती. आता लपवायला काही राहिलंच नव्हतं.

"वाच," खुदुक म्हणाली.

"अगं, नको..."

"वाच म्हणते ना. थांबू नकोस."

पेपरताईने वाचलं. लाँचमधले सर्व प्रवासी चालकासह बुडाल्याचे समजते, एवढंच होतं. बाकी मजकूर वाऱ्याचा आणि पावसाचा. खालचा ठकठकाट तेवढा चालू होता.

खुदुकने सुई शर्टात खोचली. शर्ट घडी करून बाकावर ठेवला. मग कोरड्या आवाजात म्हणाली, "शेवटचं परत वाच."

"...बुडाल्याचे समजते."

"कुणाला समजतं?"

"म्हणजे?"

"समजतं म्हणतात ना, मग कुणाला समजतं? तिथे कोण होतं? कुणी पाहिलं?"

पेपरताईने ओळीवर बोट ठेवून पुन्हा शोधलं. कुणाचंच नाव नव्हतं. "काहीच लिहिलं नाही गं," ती म्हणाली.

"मग मी बघून येते," म्हणत खुदुक उठली आणि बाकाला अडखळली. मोठ्या बाईंनी तिला काखेत धरून सावरलं, पेपरताईकडे बघून म्हणाल्या, "तू जा हिच्याबरोबर. मालकांचं मी बघते."

धक्क्यावर ही गर्दी. ज्याच्या त्याच्या तोंडी निराळी बातमी. एक म्हणे सगळे गेले, दुसरा म्हणे लाँच निघालीच नव्हती, तिसऱ्याने तर ती बुडताना डोळ्यांनी पाहिली होती. खुदुक त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुम्ही पाहिलंत? कुठून पाहिलंत?" तो गडबडला. मेव्हण्याने पाहिली म्हणाला. मेव्हणा कुठे आहे विचारलं, तर मेव्हण्यालाही कुणीतरी सांगितलेलं. पेपरताई तिचा हात धरून तिच्या मागे फिरत होती. इतका वेळ न रडलेली खुदुक एवढ्याशा कारणाने, चपलेचा अंगठा तुटला म्हणून, तिथेच ओल्या दगडांवर बसून ओक्साबोक्शी रडली.

दुपार कलल्यावर कोळ्यांच्या दोन होड्या येताना दिसल्या. लाँच नदीच्या मधल्या वाळूवर आदळून कलंडली होती, आणि माणसांनी ती रात्र वाळूवरच काढली होती. एक म्हातारी तेवढी वाहून गेली होती. तिचा मुलगा होडीतून उतरला आणि गर्दीतून चालत गेला. लोकांनी त्याला वाट करून दिली. सगळ्यात शेवटी खुदुकचा नवरा उतरला. अंगावर शर्ट नव्हता, कपाळावर खोक होती. बायकोला बघून म्हणाला, "तू कामावर नाही गेलीस?" खुदुकने त्याच्या दंडावर एक जोराची चापट मारली आणि मग त्याच दंडाला धरून राहिली.

दुसऱ्या दिवशी पेपरात दुरुस्ती आली. आतल्या पानावर, अगदी तळाला, एका हरवलेल्या छत्रीच्या जाहिरातीशेजारी. पेपरताईने तीही वाचली. मोठ्या बाई म्हणाल्या, "मोठ्या अक्षरात बुडवतात आणि बारीक अक्षरात वर काढतात!" सगळ्या हसल्या. पेपरताईला मात्र हसू आलं नाही. तिने पेपर घडी करून मोठ्या बाईंच्या हातात दिला. "मी उद्यापासून बटणं लावते. हे काम मला नको. माझ्या तोंडातून तिने ते ऐकलं."

पुढचे काही दिवस खोलीत नुसत्या सुया चालल्या. मग जेवणाच्या सुट्टीत खुदुक डबा घेऊन तिच्याशेजारी येऊन बसली.

"वाचत का नाहीस?"

"तुला बरं वाटेल का परत ऐकायला?"

"अगं वेडे, तू वाचलं नसतंस तर मला पाण्याच्या नळावर कुणीतरी सांगितलं असतं. हंडा हातात, भोवती परकी माणसं. इथे मोठ्या बाईंनी धरलं तरी मला." तिने अर्धी भाकरी मोडून पेपरताईपुढे ठेवली. "आणि हे पेपरवाले आता मला पुन्हा नुसतं 'समजते' सांगून बघू देत."

पेपरताई परत स्टुलावर चढली. त्यानंतर त्या खोलीला एक खोडच लागली. बातमीत 'समजते' आलं रे आलं, की सगळ्या बाकांवरून एका सुरात प्रश्न यायचा, "कुणाला?" सायकलवाला खालून ओरडायचा, "मला नाही!"

किती वर्षं गेली अशी. खुदुकचा नवरा पुढे तापाने गेला, घरात, आपल्या अंथरुणावर. त्याची बातमी कुठल्याच पेपरात आली नाही. तेरा दिवसांनी खुदुक कामावर आली, पेपरताईला हाताने बाजूला करून स्टुलाजवळ उभी राहिली आणि त्याच्या शेवटच्या दिवसांचं सगळं तिने स्वतः सांगितलं. काय खाल्लं, काय मागितलं, कोणाची आठवण काढली. बायका शर्ट मांडीवर ठेवून ऐकत राहिल्या. मोठ्या बाई त्या दिवशी खाकरल्या नाहीत.

मग मालकांच्या मुलाने खोलीत रेडिओ बसवला. बातम्या आता ताज्या यायच्या, गाणीही लागायची, कुणाला स्टुलावर चढायची गरज उरली नाही. पहिल्याच दिवशी रेडिओने 'समजते' म्हटल्यावर दोघीतिघींनी सवयीने "कुणाला?" विचारलं, आणि रेडिओ पुढे बोलत राहिला. पेपरताई बटणं लावायला बसली. पुढे काजांचं मशीन आलं आणि खोलीच बंद झाली. खुदुक नदीपलीकडे लेकीकडे राहायला गेली. सुरुवातीला निरोप यायचे, मग तेही विरळ झाले.

आता पेपरताई सत्तरी ओलांडून गेली आहे. मुलाच्या घरी टीव्हीवर दिवसभर चारपाच जण एकाच वेळी भांडत असतात, खालून अक्षरं पळतात. मुलगा जेवताना एक डोळा त्यावर, एक डोळा फोनवर ठेवून "आई, ऐकलंस का?" म्हणतो, आणि तिने "काय?" विचारेपर्यंत दुसऱ्या बातमीवर गेलेला असतो. सून दवाखान्यात नर्स आहे. तिने बातम्या बघणं सोडूनच दिलंय. "दिवसभर तेच बघून येते मी, आई," ती म्हणते. "घरी आल्यावर आणखी नको. कळून तरी मी काय करणार?"

पेपरताईच्या मनात आलं, तेव्हा एकटीने बातम्या ऐकायच्या असत्या तर आपणही केव्हाच सोडून दिल्या असत्या. परवा सकाळी सून रात्रपाळी संपवून आली आणि पाय उशीवर टाकून पडली. सासू खुर्चीत पेपर वाचत होती. जुन्या सवयीने ओठ हलत होते, आवाज थोडा बाहेर सांडत होता. एका मंत्र्याचं भाषण नाकातून आलं तशी सून फिसकन हसली.

"हे काय, आई? असं कुठे शिकलात?"

"काज-बटणाच्या खोलीत."

"तिथे पेपर वाचायचा? काम सोडून?"

मग सासूने पेपर मांडीवर ठेवला आणि सगळं सांगितलं, वाकड्या काजांपासून. गॅसवरची भाजी लागल्याचा वास आला तेव्हा कुठे दोघी उठल्या. पातेलं घासता घासता सुनेने विचारलं, "त्या खुदुकमावशी आता कुठे असतात?"

"पलीकडेच असेल लेकीकडे. मध्ये कुणीतरी म्हणालं, गुडघे फार दुखतात म्हणे तिचे."

"पत्ता आहे?"

"गल्ली आठवते. घर विचारावं लागेल."

सुनेने पातेलं पालथं घातलं, हात पुसले. "रविवारी मला सुट्टी आहे," ती म्हणाली. "आता पूल झालाय, अर्ध्या तासात पोचू. मी गाडी काढते. गुडघेही बघून घेईन जरा."

सासू आतल्या खोलीत गेली आणि कपाट उघडून बराच वेळ साड्या खालीवर करत बसली.