सकाळी आठचं पाणी

पार्सल पोचलं का, असं विचारताना ठाकूरजींनी सहज आपल्या सफरचंदाच्या बागेचा फोटो पाठवला. आठवड्यापूर्वीचा. आमचा रिपोर्ट सबमिट करायला दोन दिवस उरलेले. फोटोत बागेमागे नदी होती. करडी, घट्ट, सिमेंट कालवल्यासारखी. मी पार्सलमधली त्याच तारखेची बाटली उजेडात धरली. पाणी गढूळ होतं, पण एवढं नाही.

मी हायड्रॉलिक इंजिनिअर. ऑफिस ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, आणि काम हिमाचलमधल्या एका छोट्या जलविद्युत प्रकल्पाचं. तिथली नदी हिमनदीतून निघते. हिमनदी सरकताना खालचा खडक घासते आणि उन्हाळ्यात त्याचं पीठ वितळलेल्या पाण्याबरोबर खाली येतं. ते टर्बाइनमध्ये गेलं, तर पाती पॉलिशपेपरने घासल्यासारखी झिजतात. म्हणून आधी एका लांब टाक्यात पाणी संथ करून गाळ बसवतात. ते टाकं केवढं हवं, हे मला ठरवायचं होतं. त्यासाठी ठाकूरजी, तिथले रिटायर्ड शिक्षक, रोज नदीच्या पाण्याची एक बाटली भरून ठेवायचे.

मी फोन लावला.

"ठाकूरजी, फोटो कितने बजे का है?"

"शाम के पाँच. दिनभर धूप थी, बर्फ खूब पिघली."

"और बोतल?"

"सुबह आठ बजे, मैडम. फॉर्म में आपने ही लिखा था."

फॉर्म माझाच होता. कोकणातल्या नद्यांसाठी वापरतो तोच मी कॉपी केलेला. पण हिमाचलात दिवसभर ऊन लागल्यावर बर्फ वितळतं आणि गाळाचं पाणी संध्याकाळी खाली पोचतं. पूर्ण सीझन आम्ही नदी सगळ्यात स्वच्छ असतानाच मोजत होतो.

त्या संध्याकाळी कोपरला घरी आले आणि जेवण बाजूला ठेवून रिपोर्ट उघडून बसले. रिपोर्ट तसाच गेला असता, तर पाती झिजेपर्यंत कोणाला काही कळलंही नसतं. तेच जास्त टोचत होतं.

सकाळी केळकर सरांना सांगितलं. ते आमचे बॉस.

"अगं, गाळ दुप्पट धर आणि पाठव," ते म्हणाले.

"दुप्पट की पाचपट, सर? मला माहीत नाही."

सर म्हणाले, "मग क्लायंटला तूच सांग. चूक कोणाची, तेही सांग."

सांगितलं. क्लायंट भरपूर बोलला, मी ऐकून घेतलं. तीन आठवडे मिळाले. दुपारनंतर नदीत उतरणं धोक्याचं, म्हणून ठाकूरजींना पुलावरूनच दोरीला वजन आणि बाटली बांधून सोडायला सांगितलं. संध्याकाळच्या बाटल्या आल्या. तळाशी बोटभर गाळ बसलेला.

टाकं जवळपास दुप्पट लांब करावं लागलं. प्रकल्प सुरू झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यानंतर टर्बाइन उघडलं. पाती ठीक होती. क्लायंटने पुढचं काम मात्र दुसऱ्यांना दिलं.

नंतर मी एका जुन्या सहकाऱ्याला विचारलं, "त्या फॉर्मवर सकाळी आठच का रे?"

तो म्हणाला, "कोकणातून बाटल्या दहाच्या एसटीत टाकायच्या असायच्या."

तेव्हापासून कुठलाही तयार फॉर्म हातात आला, की त्यातला प्रत्येक आकडा कुठून आला, ते मी आधी विचारते. बऱ्याचदा उत्तर असंच काहीतरी असतं.