अण्णांनी मंदाला सांगितलेला समुद्र

२००२ साली मी अंबरनाथ सोडलं. गाडी खाली उभी होती. माझ्या धाकट्या बहिणीनं, मंदानं, हातावर दही घातलं. आई आधीच वारलेली. वडील, म्हणजे अण्णा, जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, "इथली काळजी करू नकोस. मंदा आहे." किती हलकं वाटलं होतं मला! मंदा बदलापूरला शाळेत शिकवायची, अण्णांबरोबरच राहणार होती. मी नवऱ्याबरोबर कॅलिफोर्नियाला जायला मोकळी.

पुढे तेच वाक्य बोचायला लागलं. फोन केला की अण्णा सांगणार, मंदानं गुडघ्याला पट्टा आणला, मंदानं वांगणीहून नवा तांदूळ आणला. मला विचारायचे ते हवेचं. "थंडी आहे का गं?" तुमच्यापैकी जे माझ्यासारखे लांब गेलेत, त्यांना हा प्रश्न ओळखीचा असेल.

पाच वर्षांनी ते महिनाभर आमच्याकडे आले. त्यातला एक दिवस मला फक्त माझा हवा होता. समुद्राकाठच्या कड्यावरून जाणारी एक सोपी वाट मी शोधली. सपाट, जागोजाग बाकडी, त्यांच्या गुडघ्याला झेपेल अशी. ओहोटीची वेळ बघून ऑफिसात रजा टाकली.

खाली खडकांवर सील, ते गुबगुबीत समुद्री प्राणी, आडवेतिडवे पसरले होते. मोरिवलीच्या कारखान्यात तीस वर्षं मशीन चालवलेले अण्णा म्हणाले, "डबल शिफ्ट करून आलेले दिसतात." आम्ही दोघं पोट धरून हसलो. डोक्यावरून पेलिकनांची रांग गेली. मग त्यांना धरून मी पायऱ्यांनी खाली नेलं.

खडकांतल्या डबक्यांत काय काय असतं ते मी वाचून ठेवलं होतं, त्यांना समजवायला. पण ते गुडघा विसरून आधीच उकिडवे बसले. "सुकती चांगली लागलीय आज."

"सुकती म्हणजे?"

"ओहोटी गं." त्यांनी एक दगड उचलला, खालचे खेकडे बघितले आणि होता तसाच अलगद ठेवला. मग सांगायला लागले. कोकणात लहानपणी ते आजीबरोबर खडकांवर कालवं काढायला जायचे. एकदा भरती मागून आली, वाट बुडाली. आजीनं त्यांना खांद्यावर घेतलं आणि गळ्याएवढ्या पाण्यातून किनारा गाठला.

"हे मला कधी सांगितलं नाहीत?"

"मंदाला माहितीय की सगळं," ते सहज म्हणाले. "भाजी निवडताना विचारत बसते ती. तू सदा अभ्यासात."

माझ्या अभ्यासात कुणी बोलायचं नाही, हा नियम घरात त्यांनीच केलेला. त्या नियमानं मी इथवर पोचले, आणि तेवढ्या वेळात मंदानं माझे वडील ऐकून घेतले.

तेवढ्यात त्यांनी एक रिकामा शंख उचलून खिशात घातला. "मंदाला नेतो."

"ठेवा तो! पाटी दिसत नाही? इथून काही न्यायचं नसतं. दंड होतो."

आवाज हवा त्यापेक्षा मोठा लागला. आजूबाजूची माणसं वळली. अण्णांनी शंख काढून पाण्यात ठेवला. "सॉरी हां," साहेबाला म्हणावं तसं म्हणाले. क्षणभर मला बरं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

परतताना ते मागे मागे राहिले. मला राहवेना. बाकड्यावर बसवून म्हटलं, "अण्णा, तो मंदासाठी होता म्हणून मी ओरडले."

"कळलं मला." ते समुद्राकडे बघत राहिले. "तिकडे ती तुझ्यावर जळते, इकडे तू तिच्यावर. मी एकटा दोघींना पुरणार कुठून?"

दोन वर्षांनी अण्णा गेले. मी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. पाहुणे पांगल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. मंदा न बघता फळीवर हात घालायची आणि हवा तो डबा निघायचा. तेव्हाही, त्या दिवशीही, मला तिचा हेवा वाटला.

"ताई, परक्यासारखी काय उभी? चहा टाक ना."

साखर कुठंय, हे तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. एकेक डबा उघडून बघत गेले.